सत्तावन्न टन

कुपवाडच्या शेडमध्ये लाइट गेली होती
तेव्हा मुजावरांचा सोहेल आला,
काखेत कागदाची सुरळी.
चहाचा ग्लास, मायक्रोमीटर, हळदीच्या गिरणीचं पिनियन
बाजूला सारून त्यानं ती पसरली:
जर्मन रणगाडा,
फणसासारखा मधोमध चिरलेला.
कॉलेजच्या प्रदर्शनाला, म्हणाला. सोळापट लहान.
गिअर तेवढे कापून द्या, मामा. पितळी.

मी आधी चाकं पाहिली.
एकीवर एक चढलेली, कौलं शाकारावीत तशी,
वजन वाटून जावं म्हणून.
आतलं एक काढायचं तर बाहेरची नऊ सोडायची.
कागदावर फार शहाणं दिसतं हे.
रशियात फटींमधून चिखल बसला,
रात्री गोठला,
सकाळी चाकच हलेना.

सोहेल सांगत राहिला, बोट कागदावर.
आधी पंचेचाळीस टनच ठरला होता.
मग तोफ मोठी हवी.
मग तोफेला पुरेल असा बुरूज.
मग पुढचा पत्रा शंभर मिलिमीटर.
मी हसलो. हे गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं.
‘अजून जरा जाड करा’ म्हणतं
आणि मोटर तीच ठेवतं.

दोन कारखान्यांत शर्यत होती,
साहेबाच्या वाढदिवसाला दाखवायचा होता.
हरला त्यानं निकालाआधीच
नव्वद सांगाडे करून ठेवलेले.
यावर मी हसलो नाही.
तोंडी शब्दावर ओतून घेतलेले माझे सहा गिअर
अजून मागच्या भिंतीला टेकून आहेत.
उन्हाळ्यात त्यांवर मांजर झोपतं.

आईचे चुलते तातोबा, कोरेगावकडचे,
मराठा पलटणीतून इटलीला गेलेले.
त्यांनी तो पाहिला होता,
द्राक्षाच्या मांडवात तोंड खुपसून बसलेला.
कुणी मारला, आबा?
कुणी न्हाई. दात तुटला त्येचा, पेटीतला.
टाकून पळाली पोरं.
आत अर्धा खाल्लेला पाव
आणि एकच हातमोजा, डावा.
ऊन मरणाचं. त्याच्या सावलीला बसून
सेक्शननं चहा केला.
नऊ मग भरले.
भागोजीचा उपडा ठेवला,
सकाळी त्याच नळीनं त्याला नेलं होतं.
सावली गार हुती बग, म्हणायचे तातोबा,
आणि पुढं काही बोलायचे नाहीत.

तो दात कुणी कापला असेल?
रात्रपाळीला, परक्या गावात,
धरून आणलेला एखादा टर्नर,
पोटात कोबीचं पाणी,
मागे बंदूकवाला.
त्यानं मुळाशी एक बारीक चीर ठेवली असेल का,
तेल लावून, कुणाला दिसू नये अशी?
असं समजायला मला आवडतं.
पण पोलादाला कुणाचा कळवळा नसतो.
सत्तावन्न टन ओढायला लावलं
की चांगला दातही तुटतो,
मी तुटलेले पुष्कळ पाहिलेत.
आणि तो चांगलाच कापला असेल तर?
हात सवयीचे असतात.
वाईट काम करायचं म्हटलं तरी
माझे हात ऐकत नाहीत.

लाइट आली. पंखा आधी, मग मशीन.
पितळेचा तुकडा पकडीत धरला,
तेलाची धार सोडली.
सोहेल शेजारी उभा, श्वास रोखून,
बारीक सोनेरी कीस त्याच्या चपलेवर पडत होता.
चोवीस दात. बोटानं फिरवून पाहिले,
कुठंच अडलं नाही.
मला आनंद झाला, तो लपवता आला नाही.

चालेल ना, मामा?
चालेल की, म्हटलं.
तुझं टेबल सपाट आहे.